बोटीची उत्तर

मघाशी डाव्या हाताच्या सोफ्यावर पडलेलं ऊन आता उजव्या हाताच्या जेवणाच्या टेबलावर आलं होतं, आणि मधल्या वेळात कुणी कशालाही हात लावला नव्हता. एकनाथ देगावकरने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. सोफा तोच होता. टेबल तेच, त्यावरची पांढऱ्या फुलांची परडी तीच. फक्त ऊन उठून पलीकडे जाऊन बसलं होतं. त्याच्यापुढे ड्रॉइंग बोर्डवर या बोटीचा नकाशा पसरलेला होता आणि नकाशाच्या कोपऱ्यात त्याने स्वतःच्या हाताने, लाल पेन्सिलीने, उत्तरेचा बाण काढून ठेवला होता. ठसठशीत, मागे दोन शेपट्या असलेला, त्याचा नेहमीचा बाण. असा बाण काढल्यावर तो खोडायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. आता उन्हाकडे पाहिलं तर तो बाण बरोबर उलटा होता, आणि सकाळचं ऊन पश्चिमेकडून येत नाही हे सांगायला काही वास्तुतज्ज्ञ लागत नाही.

बोट बापूसाहेबांची. बापूसाहेब म्हणजे सोलापुरात फ्लॅटच्या स्कीमा उभ्या करता करता दुबईला गेलेले आणि तिथे आणखी मोठे झालेले बिल्डर. सोलापुरातली त्यांची प्रत्येक इमारत एकनाथने दिशा दाखवल्यावरच पायातून वर आली होती, आणि दुबईत काचेच्या घरात राहायला लागल्यावरही त्यांची ती सवय सुटली नव्हती. आता त्यांनी समुद्रात ही बोट घेतली होती. बोट हा शब्द तिला तोकडा पडत होता. एकावर एक चार मजले होते, आणि एकनाथची भवानी पेठेतली अख्खी गल्ली उचलून आत ठेवली असती तर शेवटच्या दोन घरांपुरतीच ओढाताण झाली असती. एवढं असून बापूसाहेबांना तिच्यावर झोप लागत नव्हती. किनाऱ्यावरच्या घरात लागायची, बोटीवर नाही. म्हणून त्यांनी फोन करून सांगितलं की देगावकर, जरा आतून बघून घ्या, माझ्या पलंगाची दिशा तपासा, आणि स्वामींची तसबीर कुठल्या भिंतीला लावायची तेवढं सांगा. एकनाथने त्याच्या नेहमीच्या सुरात, बघू की, त्यात काय, म्हटलं. त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता, पण मोबाइलला तो लागत नाही. बोटीवर पाहुण्यांची व्यवस्था बघणारी अपेक्षा नावाची मुलगी फोन हातात धरून तिकडे चालत होती, आणि तो सोलापुरात, आपल्या दक्षिणमुखी दाराशी खुर्ची टाकून, तिच्यामागून खोल्या हिंडत होता.

अपेक्षा मोहोळची निघाली. पहिली पाच मिनिटं ती हॉटेलात बोलतात तसं बोलली, मग एकनाथने गावाचं नाव विचारलं आणि तिची जीभ सैल झाली. तिने बोटीच्या मागच्या टोकापासून सुरुवात केली. तिथे पाण्याला टेकलेला लाकडी ओटा होता, त्यावरून पाहुणे थेट समुद्रात उतरत. तिथून दोन बाजूंनी जिने वर आलेले, आणि वर मोठी बैठकीची खोली, तिची एक भिंत मागे सरकली की खोली आणि मोकळी ओसरी एक होऊन जात. बैठकीच्या पुढे जेवणाचं टेबल, बारा खुर्च्यांचं. त्याच्यापुढे स्वयंपाकघर. आणि सगळ्यात पुढे, बोटीच्या या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेली मालकांची खोली. एकनाथ एकेक खोली नकाशावर बोटाने शोधत होता आणि मनात नेहमीची तपासणी चालली होती, अग्नी कुठे, पाणी कुठे, जड काय, हलकं काय. बरोबर मधोमध, जिथे ब्रह्मस्थान मोकळं असायला हवं, तिथे गोल जिना होता. घर असतं तर त्याने तोंडात हवा भरून 'अं' केलं असतं आणि समोरच्याचा चेहरा पडला असता. नकाशावर उत्तरेचा बाण छापलेला नव्हता, तेव्हा त्याला वाटलं होतं की काढणारा विसरला. त्याने अपेक्षाला कप्तानाकडून विचारून घ्यायला लावलं. कप्तान म्हणाला, पुढचं टोक आत्ता दक्षिणेकडे आहे. 'आत्ता' हा शब्द तिने सांगितला होता. एकनाथने तो ऐकला आणि सोडून दिला, आणि लाल पेन्सिल उचलली.

मालकांच्या खोलीत पलंग खोलीच्या मधोमध होता, उशा पुढच्या टोकाकडे. म्हणजे डोकं दक्षिणेला. यापेक्षा चांगलं काही असूच शकत नाही, असं तो मोठ्याने म्हणाला, कारण ते त्याला मधल्या खोलीपर्यंत ऐकू जायला हवं होतं. मधल्या खोलीत त्याची बायको यशोदा पलंगावर पडलेली होती. तिची डावी बाजू गेली होती, कान मात्र पूर्वीपेक्षा तिखट झाले होते. तिने आतून विचारलं की कुणाचं घर बघताय, आणि बापूसाहेबांची बोट म्हटल्यावर म्हणाली, "बोटीलाबी लागतं का तुमचं?" एवढ्या मोठ्या दुखण्यातून तिची चेष्टा करायची खोड वाचली होती, याचं त्याला बरं वाटे. अपेक्षा तिकडे पडदे उघडत होती. एक बटण दाबलं की सगळे पडदे एकदम सरकत आणि खोलीच्या दोन्ही अंगांना नुसता समुद्र उभा राही, डावीकडून ऊन, उजवीकडे निळं, मऊ. पलंगावर पडल्या पडल्या सगळं दिसतं सर, ती म्हणाली. मग आतून यशोदाचा आवाज आला, या वेळी चेष्टेचा नव्हता. त्या खोलीला खिडकी आहे का, तिने विचारलं. एकनाथने मोबाइल थोडा छातीशी धरला आणि दोन्ही बाजूंनी आहे म्हणून सांगितलं.

खिडकीचं हे आज सकाळपासूनच चाललं होतं. सकाळी रत्नम्माने, म्हणजे तिचं अंग पुसायला आणि जेवू घालायला येणाऱ्या बाईने, तिची वेणी घातली आणि मग यशोदाने पुन्हा ते मागितलं, जे ती पडल्यापासून मागत होती. पलंग फिरवा. त्यांचं घर आगगाडीच्या डब्यासारखं, पुढची खोली, मधली खोली, मागे स्वयंपाकघर, आणि रस्त्याचं दार दक्षिणेला. मधल्या खोलीला खिडकी नाही. तिचा पलंग तिथे, डोकं दक्षिणेला, म्हणजे रस्त्याकडे, आणि तोंड उत्तरेच्या भिंतीकडे. सगळा रस्ता तिच्या डोक्यामागे होता. फेरीवाले, शाळेची मुलं, पेठेतल्या यंत्रमागांचा खडखडाट, समोरच्या घरातलं भांडण, सगळं मागून यायचं आणि ती भिंतीकडे बघत, आत्ता कोण गेलं, म्हणून विचारायची. ती म्हणे, मला पुढच्या खोलीत न्या आणि तोंड दाराकडे करा, बाकी मला काही नको. आणि तो दर वेळी म्हणे, डोकं उत्तरेला येतं. एवढंच. पुढचं सांगावं लागत नसे. तिला ते त्याच्याइतकंच ठाऊक होतं.

ठाऊक असणारच, कारण त्या घरात डावं-उजवं कुणी म्हणतच नव्हतं. हे इतर लोकांना विचित्र वाटे, त्यांच्या स्वतःच्या मात्र कधी लक्षातही येत नसे. चष्मा टीव्हीच्या ईशान्येला असे. मिठाचा डबा आग्नेयेच्या फळीवर. त्यांची मुलगी चेतना लहानपणी शाळेत बाईंना, माझा वायव्येचा दात हलतोय, म्हणाली होती आणि वर्ग हसला होता. यशोदा दाराशी बसून साड्यांना फॉल-पिको करायची, तिच्या मशिनभोवती बायकांचा घोळका असायचा, आणि सुई चालता चालता ती त्यांना सांगायची की उंबऱ्याच्या नैऋत्येला चपला काढत जा, नवऱ्याची उशी उत्तरेला ठेवू नकोस. एकनाथचं अर्धं गिऱ्हाईक त्या मशिनवरून आलेलं होतं. मशिन चालवताना ती रस्त्याकडे तोंड करून बसे आणि साडीकडे क्वचितच बघे. एका दुपारी एकनाथ अक्कलकोटला एका भक्तनिवासाची जागा बघायला गेला असताना ती तशीच बसल्या जागी कलली. उजवा पाय मोटारीच्या पायट्यावर दाबलेलाच राहिला आणि मशिन चालत राहिलं. समोरची बाई धावून येईपर्यंत टाक्यांची रांग काठ सोडून साडीच्या अंगात तिरपी घुसत गेली होती. ती साडी कुणाची ते नंतर कळलं नाही, न्यायला कुणी आलं नाही. मशिन माळ्यावर गेलं आणि त्या जागेवर एकनाथचा ड्रॉइंग बोर्ड आला, कारण दारात उजेड चांगला होता.

दवाखान्यातून तिला घरी आणलं त्या दिवशी पलंग कसा लावायचा याचा त्याने विचारसुद्धा केला नाही. हातांनी केला. डोकं दक्षिणेला. नंतर तो लोकांना सांगे की शास्त्र आहे, पण ते शास्त्र नव्हतं, भीती होती. त्याचे वडील गेले तेव्हा तो एका इंजिनियरच्या कचेरीत नकाशे काढायचा, अमोनियाच्या वासात दिवसभर निळ्या प्रती छापायचा. वडिलांना पुढच्या खोलीत आणलं, सतरंजी अंथरली, आणि जमलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणीतरी विचारलं, उत्तर कुठली रे? आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पोरगं नकाशे काढतं, त्याला माहीत असणार. त्याने हात वर करून स्वयंपाकघराकडे दाखवलं. मग चौघांनी वडिलांना धरून फिरवलं, डोकं त्याच्या बोटाच्या दिशेला, पाय दाराकडे, दक्षिणेला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला दिशा विचारली ती अशी. पुढे लोक विचारत गेले, तो सांगत गेला, पुस्तकं वाचली, होकायंत्र घेतलं, यंत्रमागवाल्यांच्या शेडमधल्या टाक्या हलवल्या आणि बाजार सुधारल्यावर धंदा सुधारला तेव्हा पेढे खाल्ले. त्यातलं किती त्याचं आणि किती बाजाराचं हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण उत्तरेच्या उशीचं मात्र त्याने कधी हसण्यावारी नेलं नाही. कुणाच्याही घरात तशी उशी दिसली की त्याला ते चौघं, ती सतरंजी आणि स्वतःचं वर झालेलं बोट दिसे.

म्हणूनच मघाशी ते सरकलेलं ऊन पाहून त्याने चष्मा वरखाली केला होता. मधल्या काळात अपेक्षाने त्याला सगळी बोट हिंडवली होती. गोल जिन्याने खाली पाहुण्यांच्या चार खोल्या, प्रत्येकीला तिची न्हाणी, दगड असा की पाय ठेवावा की नाही. त्याच्या मागे इंजिनाची खोली, पांढरी स्वच्छ, तिथे कुणी जेवायलाही बसलं असतं. पुढच्या अंगाला एक जड दार, आणि त्यामागे नोकरमाणसांच्या झोपायच्या जागा, एकावर एक फळ्या, पडद्याआड. साहेबांच्या खोलीच्या अगदी खाली आमी झोपतो, ती म्हणाली, आणि तुला झोप लागते का म्हणून विचारल्यावर, पडलं की लागते सर, म्हणाली. मग वर कप्तानाची काचेची खोली, त्याच्याही वर उघडी गच्ची, तिथे गरम पाण्याचा हौद आणि उन्हात पडायच्या गाद्या. एकनाथ हरखून गेला होता. त्याने गाद्यांची दिशासुद्धा विचारली नाही. शेवटी तसबिरीची जागा ठरवायला म्हणून त्याने तिला पुन्हा खाली बैठकीत नेलं, आणि तिथे ऊन उजवीकडे होतं.

"अपेक्षा, तू आत कुठल्या दाराने आलीस?" त्याने विचारलं. आपलाच काहीतरी घोटाळा झाला असावा अशी त्याला अजून आशा होती.

मघाच्याच, ती म्हणाली, आणि मग तिला त्याची अडचण समजली. तिने मोठ्या सरळपणाने सांगितलं की नांगर पुढच्या टोकाला असतो, त्यामुळे वारा जिकडून येईल तिकडे बोट तोंड करते. सकाळी वारा जमिनीकडून असतो, ऊन चढलं की समुद्राकडून सुटतो. मग बोट हळूहळू अख्खी फिरते. रोजच फिरते. आत बसलेल्याला काही कळत नाही, चहाचा कपसुद्धा हलत नाही.

"मग आता उत्तर कुठली?"

"आता पुढं सर. मघाशी मागं हुती. संध्याकाळच्याला आणि कुटं तरी." ती हसली. "आमी हितं दिशा धरतच न्हाय. बोटीचं डावं ते डावं, उजवं ते उजवं. ती कुटंबी फिरू दे."

ती फोन घेऊन मालकांच्या खोलीत गेली. पलंग जिथल्या तिथे होता, उशांवरची सुरकुतीही मोडली नव्हती, आणि डोकं उत्तरेला होतं. एवढ्या वेळात, तो जिने चढत-उतरत असताना, न्हाण्यांचे दगड बघत असताना, ती सबंध खोली समुद्रासकट दक्षिणेकडून उत्तरेकडे आली होती आणि कुठे टाचणी पडल्याचा आवाज झाला नव्हता. म्हणजे बापूसाहेब एका झोपेत सगळ्या दिशांना डोकं करून उठत असणार. आणि खालच्या फळ्यांवर ही पोरगीसुद्धा. तो मोबाइल घट्ट धरून बसला, आणि त्याला वाटलं की आपल्या खुर्चीखालची फरशीही आत्ता, या क्षणी, कुणाला न सांगता फिरत असेल तर. अपेक्षा वाट बघत होती. साहेबांनी संध्याकाळपर्यंत उत्तर मागितलं होतं, तसबिरीला खिळा कुठे मारायचा ते सुतार विचारत होता. ती म्हणाली, काय सांगू सर?

आणि एकनाथ म्हणाला, "बोटीचं पुढचं टोक म्हणजे पूर्व माना."

हे त्याच्या तोंडून इतक्या सहज आलं की क्षणभर त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. वर त्याने तपशीलही दिला. वाहनाला स्वतःची दिशा असते, गतीची दिशा तीच पूर्व, मग स्वयंपाकघर आपोआप बरोबर येतं, तसबीर बैठकीच्या पुढच्या भिंतीला, आणि पलंग आहे तिथे उत्तम. साहेबांना सांग दोष काही नाही. अपेक्षाने त्याचे आभार मानले. मोहोळला येईन तेव्हा भेटून जाईन म्हणाली, आणि फोन बंद झाला. समोर नकाशा राहिला, त्यावरचा लाल बाण राहिला. त्याने खोडरबर घेतलं आणि थांबला. काय म्हणालो मी? माना. पूर्व माना. ज्या माणसाच्या खोलीला दोन्ही बाजूंनी समुद्र होता त्याच्यासाठी त्याने एका दमात पूर्व उचलून हवी तिथे ठेवली होती. सुताराचा खोळंबा होऊ नये म्हणून ठेवली होती. आणि आतल्या खोलीतल्या बाईसाठी, जिला फक्त रस्ता बघायचा होता, इतक्या दिवसांत त्याला एकदाही काही मानता आलं नव्हतं. शरम अशी आली की कानाच्या पाळ्या तापल्या. तिने ते सगळं ऐकलं असणार, कारण तिला सगळंच ऐकू जात होतं.

तो उठला. विचार करत बसलो तर होणार नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने आधी ड्रॉइंग बोर्ड उचलून भिंतीला लावला, खुर्ची बाहेर ओट्यावर ठेवली आणि रत्नम्माला हाक मारली. ती घरी जायला निघाली होती, पिशवी खांद्याला लावूनच आली. पलंग पुढच्या खोलीत घ्यायचाय, तो म्हणाला. लोखंडी पलंग, त्याला खाली चाकं होती, पण दोन खोल्यांमधला उंबरा आडवा येत होता. दोघांनी उचलून, टेकवून, पुन्हा उचलून तो बाहेर काढला. यशोदा उजव्या हाताने पलंगाची कड धरून होती आणि काय चाललंय ते विचारत नव्हती. पुढच्या खोलीत आल्यावर तो म्हणाला, आता फिरवायचा. रत्नम्माने त्याच्याकडे पाहिलं. "इकडं डोकं करून, साहेब?" तिने हळू विचारलं. तो हो म्हणाला. तिने आणखी एकदा पाहिलं, मग खाली मान घालून पलंग धरला. डोकं दक्षिणेवरून आग्नेयेला आलं, पूर्वेला आलं, ईशान्येला आलं. तिथे एकनाथचे हात थांबले. मग त्याने उरलेला ढकलला. पाय दाराकडे, डोकं उत्तरेला. रत्नम्मा पिशवी उतरवून आत गेली. तिने पाणी भरलेला तांब्या आणून पलंगाशी ठेवला, डोळे पदराने टिपले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून बसली. तिला घरी जायला उशीर होत होता आणि तरी ती जात नव्हती. धूळ गेली असेल डोळ्यात, असं एकनाथला वाटलं.

यशोदा रस्त्याकडे बघत होती. समोरच्या घराला नवा निळा रंग लागला होता, तो ती पहिल्यांदा बघत होती. समोरची सून कडेवर मूल घेऊन ओट्यावर आली, त्या मुलाचा रडण्याचा आवाज यशोदाला पाठ होता, तोंड आज दिसलं. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले होते. एकनाथ तिच्या चेहऱ्यावर हसू शोधत होता. ते येईल, वेळ लागेल, असं म्हणत पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. तिने नजर रस्त्यावरून न काढता विचारलं, "चेतनाला कळवलंत का?"

"काय कळवायचं?"

"पुण्याहून यायला वेळ लागतो तिला." तिचा आवाज दुखण्याने थोडा जड झाला होता, पण स्थिर होता. "डॉक्टर काय म्हणाले ते मला सांगायचं होतं की. मी काय आकांत केला नसता."

तेव्हा कुठे एकनाथच्या डोक्यात प्रकाश पडला. पुढच्या खोलीत आणलेली, पाय दक्षिणेला, डोकं उत्तरेला, उशाशी पाण्याचा तांब्या. दाराशी बसून रडणारी रत्नम्मा. या घरात असं कुणाला आणि केव्हा ठेवलं होतं ते यशोदाला माहीत होतं, नवी नवरी होती ती तेव्हा, सतरंजी तिनेच आतून आणून दिली होती. तो घाईघाईने म्हणाला की तसं काही नाही, डॉक्टर काहीच म्हणाले नाहीत, तुला रस्ता दिसावा म्हणून फिरवलं. "इतके दिवस नाही फिरवलं," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने नुसता हिशेब जुळवला होता, आणि तो त्यानेच तिला आयुष्यभर शिकवलेल्या पद्धतीने जुळवला होता. तो म्हणाला, ती बोट, ती फिरत होती गं, पलंग जागेवर आणि बोट फिरत होती. सांगता सांगता त्याला ऐकू आलं की मरणाऱ्या माणसाचं मन रमवायला लोक असंच काहीतरी बोलतात. यशोदाने समजूतदारपणे मान हलवली. असू दे, ती म्हणाली, रस्ता छान दिसतोय. ती त्यालाच धीर देत होती. तिला खरं पटवायला त्याच्याजवळ शब्दांशिवाय काही नव्हतं, आणि त्याच्या शब्दांनी आजवर एकदाही दिशा मागे घेतली नव्हती.

तो मधल्या खोलीत गेला. कपाटावरची स्वतःची गादी ओढली, ती खाली पडली, तशीच फरफटत बाहेर आणली. पलंगाच्या पश्चिमेला, जमिनीवर, ती पसरली. उशी हातात घेऊन तो थोडा वेळ उभा राहिला. मग ती त्याने उत्तरेला टाकली, दाराकडे पाय केले आणि आडवा झाला. रत्नम्मा भिंतीचा आधार सोडून ताठ बसली. यशोदाने मान जेवढी वळत होती तेवढी वळवून खाली पाहिलं.

"तुम्ही कशाला?"

"पडतो जरा. दुपार झाली."

"डोकं कुठं केलंय ते कळतंय ना?"

"कळतंय."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. रस्त्यावरून कुणी गेलं, तिने तिकडे बघितलं नाही. मग तिने रत्नम्माला हाक मारली आणि जा आता घरी, पोरं उपाशी असतील म्हणून सांगितलं. आणि त्याला म्हणाली, "मग चेतनाला राहू दे."

रत्नम्मा गेली. माग चालू होते, ऊन ओट्यावरून उंबऱ्यापर्यंत आलं होतं. एकनाथ पाठीवर पडून छताकडे बघत होता आणि त्याच्या मानेखाली गार झालं होतं. आपण धीट झालो असं त्याला वाटत नव्हतं. उशीतून कुणीतरी डोकं धरून मागे ओढतंय असं वाटत होतं, चौघं येतील आणि विचारतील असं वाटत होतं, आणि उठून गादी फिरवावी म्हणून त्याचे पाय शिवशिवत होते. तो उठला नाही. यशोदाने डोळे मिटले. तिचा उजवा हात, चालता हात, पलंगाच्या कडेवरून खाली लोंबत होता. त्याने तो मनगटापाशी धरला, आणि ती झोपली तरी सोडला नाही, नाडी लागतेय की नाही ते बघत पडून राहिला.